बडी बीचा कर्णा

दस्तगीर मिस्त्रींसमोर 'गाडी बंद पडली' असं म्हणायची सोय नव्हती. गाडी बंद पडलेली असायची, तीही तुळजापूरच्या घाटात ऐन मध्यावर. डोक्यावर रणरणतं ऊन, रेडिएटरमधून वाफ, आणि एखादा नवखा प्रवासी सहज बोलून जायचा, "पडली का बंद?" मिस्त्री त्याच्याकडं असं बघायचे, की आपण कुणाच्या घरच्या बाईमाणसाविषयी वेडंवाकडं बोललो की काय असं त्याला वाटावं. मग शांतपणे म्हणायचे, "बंद न्हाय पडली. सोच री है. जरा दम खावा."

मी तुळजापूरच्या शाळेत शास्त्र शिकवायला आलो, तो याच गाडीतून. आमचा उस्मानाबाद जिल्हा नुकताच हैद्राबाद राज्यातून मुंबई राज्यात आला होता आणि माझ्या नेमणुकीच्या कागदावर दोन्ही राज्यांचे शिक्के होते. सोलापूर स्टेशनाबाहेर एक छप्पर नसलेली, लांबलचक, म्हातारी विलायती गाडी उभी होती. तिच्यापुढं खाकी कोट घातलेला, पन्नाशी उलटलेला एक उंच माणूस प्रवाशांना आपादमस्तक न्याहाळत होता. मिस्त्री प्रवाशांना बसवत नसत, वजन बघून रचत. "तुमी डाव्या अंगाला. मावशी, तुमी मधी. पैलवान, तुमी चाकावर बसू नका, पलीकडं व्हा." मला त्यांनी दोनदा खालीवर पाहिलं आणि म्हणाले, "तुमी कुठंबी बसा."

घाट लागला तशी गाडी थांबली. एवढ्या वेळात सगळे प्रवासी सवयीनं उतरून चालायलाही लागले होते. मी एकटाच आत बसून होतो. मिस्त्री वळून अदबीनं म्हणाले, "मास्तर, देवीच्या दारात पायी जायाचा रिवाज हाय." मी रिवाज म्हणून उतरलो. दोन वळणं चालल्यावर कळलं की रिवाज देवीचा नसून गाडीचा आहे.

ही गाडी मूळची नळदुर्गाकडच्या एका जहागीरदाराची. जहागिरी गेल्या, कोठीतलं सामान विकायला निघालं, तेव्हा तुळजापूरच्या गुरुलिंगप्पा शेटनी ती घेतली. देवळाच्या वाटेवर शेटचं नारळ-कुंकवाचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक सोलापूरहून थेट दुकानाच्या दारात आणून उतरवायचं, असा त्यांचा हिशेबी बेत होता. दस्तगीर मिस्त्री जहागीरदाराचे ड्रायव्हर. त्यांना कुणी विकलं नव्हतं आणि कुणी घेतलंही नव्हतं. गाडी निघाली तेव्हा चालवत तेच निघाले, आणि तुळजापुरात पोचल्यावर परत जायचं त्यांना कधी सुचलंच नाही. बिवी वारली होती, लेक अणदूरला दिली होती. सोलापूर रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये गाडी आणि ते, असा दोघांचा संसार होता.

गाडीला ते 'बडी बी' म्हणत. जहागीरदाराच्या थोरल्या बेगमेवरून हे नाव ठेवलं, असं लोक बोलत. मिस्त्री कानाच्या पाळीला हात लावून "तोबा, तोबा" म्हणत, पण नाकारत नसत. त्यांच्या टोपीवर पूर्वी जहागिरीचा पितळी बिल्ला असे. राज्य बदलल्यावर कुण्या अंमलदारानं बिल्ला काढायला लावला. बिल्ला निघाला, पण उन्हानं विटलेल्या टोपीवर त्याच्या जागी गर्द निळा गोल तसाच राहिला. मिस्त्रींनी टोपी उलटी केली आणि पुढं कायम अस्तर बाहेर ठेवूनच घातली. "आता बघू, काय काढायला लावतेत ते," म्हणाले.

इंजिनाचा ताप ते उपड्या हातानं बघत, आई लेकराचा बघते तसा. पाणी ओतायच्या आधी "बिस्मिल्ला" म्हणत आणि देऊळ दिसलं की हॉर्न एकदा हळू वाजवत. "हिकडून जाताना सलाम करावाच लागतो, आपन तिच्या गावात ऱ्हातो," असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

पुढं सोलापूरहून सरकारी मोटारी सुरू झाल्या. त्या माणसांना बसल्या जागी वर नेऊन सोडत. पैसे देऊन चालायचं, त्यापेक्षा पैसे देऊन बसलेलं काय वाईट, असं लोकांना वाटायला लागलं आणि बडी बी दिवसदिवस स्टेशनाबाहेर रिकामी उभी राहू लागली. एका संध्याकाळी शेट शेडमध्ये आले. मी तिथंच होतो. शेटना चिडता येत नसे. चिडले की ते कानडीत जात आणि कानडीत त्यांचा आवाज आणखीच मऊ होई.

"येनप्पा, काय हो मिस्त्री," ते म्हणाले, "माणसं चालत येऊन माझ्या दुकानात नारळ घेणार असतील, तर मोटार बेडा. नको मला. सोलापूरचा भंगारवाला तयार हाय."

मिस्त्रींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "भंगार?" ते म्हणाले. "शेट, तिला तोडणार?"

"चैत्री पुनवंला भर दुपारी भरलेली गाडी घाट चढली आन् एकाबी माणसाचा पाय जमिनीला लागला न्हाय, तर देत न्हाय भंगारात. माझा शब्द."

चैत्री पौर्णिमेला दीड महिना होता. त्या दिवसापासून मिस्त्रींचं जेवणावरचं लक्ष उडालं. आठवडाभरानं ते शाळेच्या मधल्या सुट्टीत आले आणि वर्गाच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"मास्तर, एक सवाल हाय. थंडीच्या दिसात पहाटं बडी बी ह्योच घाट चढती. एक माणूस उतरवावा लागत न्हाय. तीच गाडी, तेच पेट्रोल, आन् दुपारी दुसऱ्या वळणावर बसती. बदललं काय?"

"इंजिन तापतं," मी म्हणालो.

"इंजिन पहाटंबी तापतं. म्या हात लावून बघितलाय. बदलती ती हवा. तिला दुपारी दम लागतो."

मी चकित झालो. मी फळ्यावर आकृती काढली. हवा तापली की पसरते, विरळ होते. पेट्रोल जळायला हवा लागते. हवा-पेट्रोल मिसळणारा गाडीचा कार्बोरेटर बॉनेटखाली, तापलेल्या नळ्यांच्या शेजारी बसून हवा ओढतो, म्हणजे अख्ख्या तालुक्यातली सगळ्यात गरम हवा त्याच्या वाट्याला येते. घास तेवढाच, पण त्यात सत्त्व नाही.

मिस्त्रींनी आकृतीतल्या नळ्यांवर बोट ठेवलं. "म्हंजी आपन तिला चुलीपुढं बसवून पळ म्हनतोय."

"तसंच."

"हे तुमच्या पुस्तकात हाय?"

"आहे की. आठवीच्या."

"आठवीच्या!" ते बाकावर बसले. "आन् मी पंचवीस वर्सं तिला आळशी म्हनत आलो."

संध्याकाळी शेडवर गेलो तेव्हा ते बॉनेटवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होते. माफी मागत असावेत. मी खाकरलो नाही, तसाच मागं फिरलो.

औषध आता कळलं होतं. बाहेरची थंड हवा नळीनं थेट कार्बोरेटरपर्यंत न्यायची. मिस्त्रींनी आधी खात्री करून घ्यायची म्हणून माझ्याकडून शाळेचा उष्णतामापक नेला आणि बॉनेटच्या आत सुतळीनं बांधला. घाटात तो फुटला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "उष्णतामापक उष्णतेनं कसा फुटेल?" या प्रश्नाला शास्त्रात उत्तर आहे, पण ते त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

नळी झाली तेलाच्या डब्यांच्या पत्र्याची. कल्हईवाल्यानं ती झाळून दिली, सांध्यांवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. रेडिएटरच्या डाव्या अंगानं ती पुढं काढली, पण तोंड अरुंद पडलं. मिस्त्रींनी त्याला रॉकेलचं नरसाळं लावलं, मग बूड कापलेला तांब्या लावला. समाधान होईना. "खाती, पन पोट भरत न्हाय," म्हणायचे.

गुरुलिंगप्पा शेटना एकच शौक होता. दुकान बंद केलं की माडीवर बसून ते ग्रामोफोनवर कानडी नाटकांतली पदं ऐकत. एका संध्याकाळी त्यांनी तबकडी लावली तर गाणारा गोधडीत तोंड घालून गात असल्यासारखा आवाज आला. बघतात तो यंत्राचा पितळी कर्णा नाही! इतक्यात रस्त्यावरून एक लांब, घोगरा हंबरडा ऐकू आला. शेट धोतर सावरत खाली धावले. बडी बी दारात उभी होती आणि तिच्या डाव्या दिव्याशेजारी त्यांचा कर्णा, तोंड पुढं करून, जोरजोरानं हवा ओढत होता.

"येनप्पा हे? माझा कर्णा!"

"शेट," मिस्त्री नम्रपणे म्हणाले, "हितकी वर्सं ह्यातनं आवाज भाईर यायचा. आता हवा आत जाती. झिजतंय कुठं काय?"

शेट कानडीत बराच वेळ मऊ आवाजात बोलले. शेवटी कर्णा पुनवेपर्यंत उसना मिळाला आणि शेट तेवढे दिवस ग्रामोफोनच्या पेटीला कान लावून पदं ऐकत बसले.

यावर थांबतील तर ते मिस्त्री कसले! नुसती बाहेरची हवा त्यांना पुरेना, ती गार हवी होती. जहागीरदाराच्या कोठीत उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडत आणि त्यावर पाणी मारत. तिथं वाढलेल्या गाडीला तेच सोसणार, असं मनाशी धरून त्यांनी कर्ण्याच्या तोंडावर वाळ्याचा पडदा बांधला आणि दोन तांबे पाणी मारलं. बडी बीनं हवेबरोबर पाणीही ओढलं. पायथ्यालाच तिला अशा शिंका सुरू झाल्या, की गुरं बुजली. मागच्या धुराला मात्र अत्तराच्या दुकानासारखा वास येत होता. "लाडावली, दुसरं काय," असं म्हणून मिस्त्रींनी पडदा काढला आणि धूळ जाऊ नये म्हणून त्या जागी नुसती मलमल ताणून बांधली.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. भर दुपारी घाटाच्या पायथ्याशी गाडी भरली. पुढं डाव्या बाजूला स्वतः शेट. त्यांना मिस्त्रींनी रचताना दोन माणसं धरलं होतं. मागं मी, बार्शीकडचं एक जोडपं आणि त्यांच्या दोन म्हाताऱ्या आत्या. मिस्त्रींनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. दीड महिना आम्ही हसलो होतो, पण आज गाडी बसली तर उद्या तिच्यावर घण पडणार होते.

बडी बी निघाली. चढ लागला तसा कर्णा हंबरू लागला. घाट यात्रेकरूंनी फुलला होता. डोक्यावर हळदीकुंकवाच्या परड्या, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधिणी गात चालल्या होत्या. पहिलं वळण गेलं. दुसरं, जिथं ती हमखास बसायची, तेही गेलं. शेट पुढं झुकून बसले होते, जणू तेवढ्यानं वजन पुढं सरकणार होतं.

तिसऱ्या वळणावर आराधिणींचा एक मोठा ताफा रस्त्याच्या दोन्ही कडांना उभा होता. त्यांनी काय पाहिलं? खालून एक काळं धूड संथपणे वर येतंय, त्याला लखलखतं पितळी तोंड आहे, आणि ते तोंड घुमतंय. पौर्णिमेच्या दिवशी देवीच्या घाटात असं काही समोर आलं की तिथल्या बाईचा हात आपोआप परडीत जातो. एकीनं "आई राजा उदो उदो!" म्हणून हळदीकुंकवाची मूठ थेट कर्ण्याच्या तोंडावर टाकली. मग सगळ्याच सरसावल्या. गाडी चालण्याच्या वेगानं जात होती, त्यामुळं कुणाचाच नेम चुकला नाही.

मलमल बुजली. कर्ण्याचा आवाज घुसमटला, गाडीनं दोन आचके दिले आणि वेग पडू लागला.

"तोंड दाबलं तिचं!" मिस्त्री ओरडले. "कुनीतरी कपडा काढा! पन उतरू नका!"

आणि मग जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मानलं नसतं. गुरुलिंगप्पा शेट, दोन माणसांच्या वजनाचे, ज्यांना ही गाडी नको होती ते, उठले. दारावरून पाय टाकून बाहेरच्या फळीवर उतरले, एका हातानं काच धरून चाकावरच्या पत्र्यावर पालथे पडले आणि दुसरा हात लांबवून त्यांनी मलमल उपटली. "बा तायी!" ते कर्ण्यात तोंड घालून ओरडत होते, "हत्तु! हत्तु!" ये बाई, चढ, चढ! कर्ण्यातली उरलीसुरली हळद बडी बीनं एका दमात गिळली. मागून कोणत्या रंगाचा धूर निघाला यावर आजही एकमत नाही. मागं चालणाऱ्या बाया पिवळा म्हणतात. मी शास्त्राचा मास्तर असल्यानं काळाच म्हणतो. पण तिनं एक दीर्घ हंबरडा फोडला आणि पत्र्यावर पालथ्या पडलेल्या मालकासकट ती घाट चढून गेली.

वर पोचल्यावर शेट उतरले ते नखशिखांत पिवळे. पहिलं वाक्य बोलले, "पाय जमिनीला लागला न्हाय. सगळ्यांनी बघितलंय." त्यांनी स्वतःच्या दुकानातला नारळ बडी बीपुढं फोडला, तोही चांगला बघून. मिस्त्री चाक धरून तसेच बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हळद गेली डोळ्यांत," ते मला म्हणाले.

ही गोष्ट इथं संपायला हवी होती. पण घाटाच्या माथ्यावरच्या त्या गर्दीत एका फिरत्या सिनेमाचा मालक उभा होता. जत्रेजत्रेतून तंबू ठोकणारा माणूस. भरल्या दुपारी घाट चढणारी, कर्णा वाजवत येणारी आणि माणसांनी आपणहून ओवाळलेली गाडी त्यानं पाहिली. जाहिरातीला अशी गाडी त्याला शोधून सापडली नसती. चार दिवसांत व्यवहार ठरला.

मी शेटना जाऊन भेटलो. जरा आवाज चढवूनच म्हणालो, "शेट, तुम्ही शब्द दिला होता."

"भंगारात देत न्हाय म्हनलो होतो, मास्तर. देतोय का भंगारात?" ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. "गाडी चढाय लागली म्हनून गिऱ्हाईक आलं. न्हाय तर कोन इचारत होतं तिला? सरकारी मोटारीपुढं मी किती दिस उभी ठिवू? कर्णासुद्धा तिच्यासंगं देतोय."

त्यांचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मिस्त्री एवढंच म्हणाले, "तोडनार तर न्हाईत ना? बास."

सिनेमावाला आपला ड्रायव्हर घेऊन आला तो सकाळी लवकर. मिस्त्रींनी आदल्या दिवशीच गाडी धुऊन पुसून ठेवली होती. ते शेडच्या उंबऱ्यावर बशीतून चहा पीत बसले होते. मी शेजारी होतो. नव्या ड्रायव्हरनं हँडल मारलं. बडी बी हलली नाही. पुन्हा मारलं. पंधरा-वीस वेळा मारलं, कोट काढला, बाह्या सारल्या, पुन्हा मारलं.

मिस्त्री चहा पीत होते. मला तोवर कळलं होतं की काहीतरी गोम आहे आणि ती या माणसाखेरीज कुणालाच ठाऊक नाही.

सिनेमावाला कंटाळला. "शेट, पुनवंला देवीनं चढवली असंल हो," तो म्हणाला. "ही तर मेलेली हाय. मला न्हाय पायजे."

मी मिस्त्रींच्या कानाशी लागलो. मला त्या क्षणी शेटचं नुकसान, व्यवहार, कशाकशाची पर्वा नव्हती. म्हणालो, "मिस्त्री, बोलू नका. दोन मिनिटं गप बसा. तो जाईल निघून."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही ते केव्हाच सुचलं होतं, हे त्या नजरेत दिसलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मेली कुनाला म्हनतो रं?" ते उठत म्हणाले.

त्या लांब नळीमुळं एक झालं होतं. सकाळी गार असताना इंजिनाला हवा फार मिळे आणि पेट्रोल कमी. हँडलच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना कर्ण्याचं तोंड बंद करावं लागे. तोंड हाताएवढं नव्हतं, चांगलं परातीएवढं होतं. मिस्त्री गाडीपुढं गेले, वाकले, दोन्ही हात बॉनेटवर टाकले आणि कर्ण्याच्या तोंडावर छाती दाबून धरली.

"आता मारा हँडल," ते ड्रायव्हरला म्हणाले.

एक. दोन. तिसऱ्याला आत धुगधुगी झाली, मिस्त्री बाजूला झाले आणि बडी बी हंबरत उठली.

सिनेमावाला हसला. शेट दुकानाकडं चालू लागले. मिस्त्रींनी गाडी पुन्हा बंद करायला लावली आणि नव्या ड्रायव्हरला पुढं उभं केलं. त्या तरण्याताठ्या गड्याला चारचौघांत गाडीला मिठी मारायची लाज वाटत होती. "लाजू नको," मिस्त्री त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगत होते. "असा नको. पुरी छाती लाव. तिला कळतंय." हँडल या वेळी ते स्वतः मारत होते. इंजिन आता कोमट होतं, तरी त्यांनी त्याच्याकडून ते तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा गाडी उठली तेव्हा म्हणाले, "जमलं. आता जा."

गाडी सोलापूर रस्त्यानं उतरणीला लागली. उतारावर कर्णा वाजत नाही, त्यामुळं ती गेली ती मुकाट्यानं. माझी जूनमध्ये बदली झाली आणि मिस्त्री लेकीकडं अणदूरला गेले असं नंतर ऐकलं, म्हणून मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या सकाळी. ते रस्त्याच्या मध्यावर उभे होते. सदऱ्यावर छातीशी कर्ण्याच्या तोंडाएवढा, पितळेच्या कळंकाचा हिरवट-काळा गोल उमटला होता. मी तो दाखवला, तेव्हा झटकायला त्यांनी हात वर नेला, आणि न झटकता तिथंच ठेवला.